झाकलेली ताटली

माद्रिदला रात्रीचे नऊ वाजले होते, पण उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळे बाहेर अजून उजेड होता. ला लातिना या जुन्या वस्तीतल्या कावा बाखा गल्लीत माणसांची नुसती जत्रा भरली होती. तिथल्या एका छोट्याशा उपाहारगृहात आई, माझी धाकटी बहीण आणि मी, अशा तिघी कशाबशा शिरलो. बसायला जागा नव्हती आणि गंमत म्हणजे ती कुणाला हवीही नव्हती. आजी-आजोबा, ऑफिसातून परस्पर आलेली मंडळी, बाबागाडीतली बाळं घेऊन आलेले आईबाप, सगळे उभ्या-उभ्याच खात होते आणि मोठमोठ्याने गप्पा मारत होते.

बहीण नोकरीनिमित्त तिथेच राहते. तिने आमच्यासाठी ‘मोस्तो’ म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस मागवला. वेटरने तीन ग्लास ठेवले आणि सोबत हिरव्या ऑलिव्हची एक बशी.

‘‘अगं, हे आपण कुठे मागवलं होतं?’’ आई घाबरून म्हणाली.

‘‘आई, हाच तो तापा. पेयाबरोबर देतात. त्याचे पैसे नाही घेत.’’

वाचकहो, हल्ली आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतही ‘तापास’ हा शब्द मेन्यूकार्डावर दिसतो. पण तापा हा काही एखादा पदार्थ नव्हे, ती खाण्याची एक रीत आहे. पोटभर जेवणाचं एकच ताट घेण्याऐवजी चार-सहा छोट्या बशा मधोमध ठेवायच्या आणि सगळ्यांनी मिळून संपवायच्या. एका ठिकाणी दोन घास खाल्ले की पुढच्या दुकानात. फुकट तापा सगळीकडे मिळतोच असं नाही, पण ग्रानादा शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेकडच्या सान सेबास्तियानला पावाच्या तुकड्यावर पदार्थ रचून त्यात काडी खोचतात. पूर्वापार पद्धत अशी, की शेवटी ताटलीतल्या काड्या मोजायच्या आणि तेवढे पैसे द्यायचे. सगळा विश्वासाचा मामला!

आईसाठी आम्ही शाकाहारी बशा निवडल्या. तळलेल्या बटाट्यावर झणझणीत सॉस घातलेले ‘पातातास ब्रावास’, टोमॅटो चोळलेला भाजका पाव, पालक-छोले आणि ‘पाद्रोन’ नावाच्या तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या. या मिरच्या बहुतेक गोड्या असतात, मधूनच एखादी तिखटजाळ निघते. ती नेमकी माझ्या वाट्याला आली. (शाकाहारी मंडळींनी तिथे प्रत्येक पदार्थाची चौकशी करावी. साध्या भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात.)

‘पातातास’ ऐकून आई हसली. भिलाईच्या बाजारात आम्ही ‘आलू’ मागायचो आणि घरात ‘बटाटा’ म्हणायचो. आपला बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, स्पॅनिश ‘पाताता’चा सख्खा शेजारी. बटाटा, टोमॅटो आणि मिरची, तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. तिथून ती स्पेन-पोर्तुगालला आली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांमधून आपल्या किनाऱ्यावर पोचली.

मी बहिणीला विचारलं, ‘‘तापा म्हणजे नेमकं काय गं?’’

‘‘झाकण,’’ ती म्हणाली. ‘‘पूर्वी म्हणे ग्लासात माश्या पडू नयेत म्हणून त्यावर पावाचा तुकडा झाकून देत. ही झाली दंतकथा. पण शब्दाचा अर्थ झाकणच.’’

आई एकदम गप्प झाली. तिला काय आठवलं असेल ते आम्हा दोघींनाही कळलं.

आमचं बालपण भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या क्वार्टरमध्ये गेलं. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि पोलाद कारखान्याच्या या गावात देशभरातून माणसं आली. आमच्या एका ओळीत केरळ, आंध्र, बंगाल, ओडिशा, पंजाब आणि खास छत्तीसगडी अशी सगळी घरं होती. भाषा एकमेकींना धड येत नव्हती, तेव्हा या बायकांनी ओळख केली ती ताटलीतून. संध्याकाळी मेंदीच्या कुंपणावरून एक ताटली यायची, वर दुसरी ताटली झाकलेली. आत कधी उन्नीअप्पम, कधी अरिसा पिठा, तर पोळ्याला ठेठरी-खुरमी. आमच्याकडून थालीपीठ जायचं, चकल्या जायच्या. बाबांची सेकंड शिफ्ट रात्री दहाला सुटायची. ते आले की त्या चार घरच्या चार घासांवर आमचं जेवण रंगायचं. माद्रिदकरांसारखंच, रात्री दहाला!

आणि एक नियम कधी मोडला नाही. आलेली ताटली रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं. शेजारी आपापल्या मुलखाला गेले. दोन वर्षांपूर्वी बाबाही गेले. दुर्गच्या फ्लॅटमध्ये आई आता एकटी असते. फोनवर ‘जेवलीस का?’ विचारलं की म्हणते, ‘‘एकटीसाठी काय करायचं गं? सकाळचा भात आहे.’’ तिचं वजन किती उतरलंय ते मला तिथे विमानतळावर तिचा हात धरला तेव्हा जाणवलं.

त्या रात्री मात्र ती जेवली. छान जेवली. बिल दिलं, आम्ही निघालो, तर आई जागची हलेना. ऑलिव्हची रिकामी बशी समोर होती. तिने पर्समधली पिशवी काढली आणि घरून आणलेले चार शंकरपाळे बशीत ठेवले. वेटर गोंधळला. बहिणीने स्पॅनिशमध्ये सांगितलं, ‘‘आमच्याकडे ताटली रिकामी परत देत नाहीत.’’ त्याने एक तोंडात टाकला, उरलेले आतल्या स्वयंपाक्याला नेऊन दिले आणि लगेच बाहेर आला. हातात आणखी एक बशी!

दुर्गला परतल्यावर आठवड्याने आईचा फोन आला. तिने ब्रावास केले होते. बटाट्याचे मोठे तुकडे अर्धवट उकडून खरपूस तळायचे. सॉससाठी दोन चमचे तेलात चमचाभर मैदा परतायचा, आच बंद करून दोन चमचे काश्मिरी मिरचीपूड घालायची, मग कपभर भाज्या उकडलेलं पाणी, मीठ आणि थोडं व्हिनेगर घालून दाटसर होईपर्यंत उकळायचं. काही जण टोमॅटोही घालतात. आईने घातला नाही. तिने चार ताटल्या भरल्या, झाकल्या आणि मजल्यावरच्या चार घरांच्या बेल वाजवल्या.

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘दोन ताटल्या धुऊन परत आल्या. एक अजून आलीच नाही. आणि एकीत ठेठरी आली.’’

‘‘म्हणजे चारात एक,’’ मी जरा हिरमुसून म्हणाले.

‘‘अगं, सेक्टर ६ मध्ये तरी पहिल्या दिवशी किती आल्या होत्या?’’ आई म्हणाली. ‘‘उद्या त्या ठेठरीवाल्या काकूंना चहाला बोलावलंय. ठेवते आता, चकलीची भाजणी दळायला टाकायचीय.’’

वाचकहो, तापास खायला स्पेनलाच जायला हवं असं थोडंच आहे? तुमच्याही मजल्यावर कुणीतरी सकाळचाच भात खात असेल. दोन घास जास्तीचे करा, ताटलीवर ताटली झाका आणि बेल वाजवा.