बंद व्हायला नकार देणारा संगणक

आमच्या घरी संगणक बैठकीच्या खोलीत आहे आणि त्याच खोलीत माझे सासरे, नाना, झोपतात. लहान घरात याहून वेगळी सोय होणे अवघड. रात्री साडेअकराच्या सुमारास मुलाचा अभ्यास संपतो. तो ‘शट डाउन’वर क्लिक करतो, स्क्रीन काळी होते आणि तो आत निजायला जातो. गेल्या पावसाळ्यात मात्र असे होऊ लागले की, तो गेल्यावर काही क्षणांतच पंख्याची घरघर पुन्हा सुरू होई आणि सारी खोली निळसर उजेडाने भरून जाई. बंद हो म्हणून सांगितलेला संगणक आपल्या मर्जीने पुन्हा उभा राहत असे.

नाना तक्रार करणाऱ्यांपैकी नव्हेत. ते उठत, चाचपडत भिंतीपाशी जात आणि बटण बंद करून परतत. एका रात्री एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीत पाय अडकून ते पडले. गुडघ्याला मुका मार लागला. हाड वाचले हे आमचे भाग्य. सकाळी मी विचारले, “नाना, आम्हांला हाक का नाही मारलीत?” तेव्हा कळले की हा प्रकार तीन आठवडे चालू होता.

पासष्टी ओलांडलेल्या माणसालाही रात्री सात ते आठ तास झोप लागते. मात्र वयानुसार ती सावध होत जाते आणि एकदा मोडली की लवकर जुळत नाही. रात्रीच्या उजेडाने झोपेस साहाय्य करणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावते. त्यात अंधारात उठणे आणि पायांत वायर येणे ही अपघाताची पूर्वतयारीच. म्हणून या सदरात आज एका यंत्राच्या दुखण्याविषयी लिहीत आहे.

प्रथम कारण समजून घेऊ. बहुतेक घरांतल्या संगणकावर विंडोज प्रणाली असते. बंद करण्याची आज्ञा मिळताच ती उघडे प्रोग्रॅम मिटवते, पार्श्वभूमीवरची कामे थांबवते, निरनिराळ्या भागांना निरोप देते आणि अखेरीस वीज तोडण्याची आज्ञा सोडते. या शेवटच्या टप्प्यात एखाद्या भागाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम, चुकला तर प्रणाली कोलमडते. कोलमडल्यावर आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशी सोय तिच्यात मुळातच चालू ठेवलेली असते. त्यामुळे चुकीचा संदेश क्षणभर चमकतो वा दिसतही नाही, आणि आपल्याला वाटते की संगणकाने ‘बंद’ऐवजी ‘रीस्टार्ट’ ऐकले. वस्तुतः पुन्हा सुरू होणे हे केवळ लक्षण आहे. रोग वेगळाच आहे.

तो शोधताना वैद्याचा एक नियम पाळावा: एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम वहीत टिपावा. त्याआधी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.

पहिली पायरी निरीक्षणाची. दिवे आणि पंखा पूर्ण थांबून काही वेळाने संगणक जागा होतो, की न थांबताच पुन्हा सुरू होतो? पूर्ण थांबून जागा होत असेल, तर नेटवर्क कार्ड, कीबोर्ड वा माउस त्याला उठवत असण्याचा संभव आहे. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्या त्या भागाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर संगणक जागा करण्याची परवानगी काढून घेता येते. भिंतीवरचे बटण चालू करताच संगणक उठत असेल, तर वीज परत येताच सुरू होण्याची सोय त्याच्या बायोसमध्ये चालू असावी.

दुसरी पायरी: शिफ्ट की दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक करावे. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तीत नेहमीच्या बंद करण्यात प्रणालीचा गाभा पुरता मिटत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते. शिफ्ट दाबल्यास संगणक पूर्ण बंद होतो. असे केल्यावर तो नीट बंद होऊ लागला, तर कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ही सोय काढून टाकावी. सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागेल, इतकेच.

तिसरी पायरी सर्वांत उपयोगाची. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागात ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढावी. हा उपचार नव्हे, तपासणी आहे. पुढच्या वेळी प्रणाली कोलमडली की निळी स्क्रीन तशीच स्थिर राहते. तिच्यावरचा संकेत आणि फायलीचे नाव दिसल्यास ते उतरवून घ्यावे. मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून संगणक बंद करावा. एरवी मात्र हा मार्ग वापरू नये.

निळी स्क्रीन आलीच नाही, तर प्रिंटर, पेन ड्राइव्ह, नेटवर्कची केबल एकेक करून काढून पाहावे. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नोंदवहीच्या ‘सिस्टिम’ भागातही धागा मिळतो. 41 क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद म्हणजे संगणक नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाला होता. 1074 क्रमांकाची नोंद बंद होण्याची वा पुन्हा सुरू होण्याची आज्ञा कोणत्या प्रोग्रॅमने दिली ते सांगते.

आमच्याकडे दुसऱ्या पायरीने फरक पडला नाही. तिसरीनंतर निळ्या स्क्रीनवर एका फायलीचे नाव आले. ती नेटवर्क कार्डाच्या जुन्या ड्रायव्हरची होती. मुलाने संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घातला आणि त्या रात्रीपासून दुखणे थांबले. खर्च काहीच आला नाही.

एवढे करूनही गुण न आल्यास जाणकार तंत्रज्ञाला बोलवावे. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी उघडू नये. वीज तोडल्यावरही तिच्या आत धोकादायक विद्युतभार राहू शकतो. रोज रात्री भिंतीवरचे बटण ओढून वेळ मारून नेणेही बरे नव्हे. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फायली बिघडतात, आणि आमच्या संगणकात तर नानांच्या रक्तशर्करेच्या वर्षभराच्या नोंदी आहेत.

आम्ही आणखी दोन गोष्टी केल्या. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर भिंतीलगत पट्टीने बसवली आणि नानांच्या उशाशी एक मंद दिवा ठेवला. तिसरी गोष्ट मुलाने आपणहून केली. ‘शट डाउन’वर क्लिक करून तो आता लगेच निघून जात नाही, शेवटचा दिवा विझेपर्यंत खुर्चीजवळ उभा राहतो, मग नानांचे पांघरूण सारखे करून आत येतो. वाचकहो, आपल्याही घरी ज्या खोलीत कोणी झोपत असेल, तिथल्या यंत्राकडे आज रात्री एवढे मिनिटभर अवश्य पाहावे.