आरोग्यचिंतन : दाह उठावा आणि वेळीच शमावा

अतिवृष्टीत बदलापूरजवळ उल्हास नदी काठ सोडते, अंबरनाथहून उल्हासनगरकडे वाहणारी वालधुनी वस्त्यांत शिरते. २६ जुलै २००५ चा महापूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस येथील रहिवासी विसरलेले नाहीत. पूर ओसरल्यावर चिखल उरतो आणि त्यात उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरा जीवाणू असू शकतात. पायावरची बारीकशी चीर त्यांना प्रवेशासाठी पुरते.

जीवाणू आत येताच शरीर कसे वागते, हे साध्या चिघळलेल्या जखमेत डोळ्यांना दिसते. ऊतींमध्ये पहारा देणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी परक्या जीवाणूच्या खुणा ओळखून सायटोकाइन ही संदेशद्रव्ये सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, द्रव झिरपतो आणि काही तासांत न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. लाली, उष्णता, सूज व वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदविली होती.

न्यूट्रोफिल जीवाणूंना गिळतात आणि त्यांच्यावर तीव्र द्रव्ये सोडतात. परंतु ती द्रव्ये स्वकीय व परकीय असा भेद जाणत नाहीत. म्हणूनच दाह शमविण्याची योजना दाहातच असते. कार्य संपलेले न्यूट्रोफिल आपणहून मरण पावतात. मॅक्रोफेज त्या मृत पेशी गिळतात आणि त्यामुळे त्यांचा स्वभावच पालटतो. चिथावणारे संदेश घटतात, इंटरल्युकिन-१० सारखे शमविणारे संदेश वाढतात. नियामक टी-पेशी आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरकही दाहाला आवर घालतात.

लेप्टोस्पायराच्या बाबतीत हा तोल बिघडण्याचा धोका मोठा असतो. मानवी पेशींवरील ‘टीएलआर-४’ हा ग्राहक त्याच्या आवरणातील एक प्रमुख खूण नीट ओळखत नाही आणि जीवाणू रक्तातून सर्वत्र पसरतात. पुढे दाह अनावर झाल्यास मूत्रपिंडे, यकृत व फुफ्फुसे यांना इजा होते. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच असा अवयवांवर उलटतो, तेव्हा त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात.

या ज्ञानाचा घरगुती उपयोग आहे. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांची लाली किंवा कावीळ दिसल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी करावी आणि पाण्यात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दुकानातून परस्पर स्टेरॉइड आणून घेऊ नये. त्याने आवश्यक दाहही दबतो आणि जीवाणूंना मोकळीक मिळते. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी ते वेगळे औषध सुचवतात. पायाला जखम असल्यास ती झाकून, गमबूट घालूनच पाण्यात उतरावे आणि घरी येताच पाय साबणाने स्वच्छ धुवावेत.