समजून घेऊ : ‘नाच्या’च्या पलीकडचे पात्र

हिंगोलीतल्या शाळकरी मुलांच्या मोबाइलवर जपानी चित्रकथा, म्हणजे ‘मंगा’, आता सहज उघडतात. त्यांतली तृतीयपंथी पात्रे मराठी पडद्यावरच्या पात्रांहून वेगळी का वाटतात?

ओसामु तेझुका यांच्या १९५३च्या ‘रिबन नो किशी’तली राजकन्या गादीच्या हक्कासाठी राजपुत्र म्हणून वाढते. ताकाको शिमुरा यांची ‘होरो मुसुको’ (२००२-२०१३) तर मुलगी म्हणून जगू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचीच कथा. वर्गात त्याची थट्टा होते. कथा मात्र त्याची बाजू सोडत नाही.

मराठीत असे पात्र बराच काळ विनोदापुरते राहिले. गणपत पाटील यांनी ‘नाच्या’ गाजवला. पण तो शिक्का त्यांच्या खासगी आयुष्यालाही चिकटला. ‘जोगवा’ आणि ‘नटरंग’ने हशामागची वेदना दाखवली. लक्ष्मी त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ या आत्मकथनाने तर थेट स्वतःचा आवाज दिला.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तो हक्क वर्गातल्या बाकापर्यंत पोहोचायचा, तर शाळेच्या वाचनालयात अशा मुलांच्या बाजूने बोलणारी मराठी चित्रकथाही हवी.