बसा आणि गप्प बसा

मी उभ्या आयुष्यात मारलेलं सर्वांत मोठं जनावर म्हणजे झुरळ. तेसुद्धा तिसऱ्या चपलेत. तेव्हा रानटर्कीच्या शिकारीवर मी मत देणं काहींना आवडणार नाही. पण मत द्यायला अधिकार लागतो, अशी आपल्याकडे पद्धत तरी कुठं आहे?

गेल्या मे महिन्यात पेनसिल्व्हेनियात पुतण्याकडे गेलो होतो. त्यानं मला पहाटे ४ वाजता उठवून रानात नेलं. थंडी होती म्हणून सौ.नं बॅगेत कोंबलेली लाल माकडटोपी मी कानांवर ओढली, तसा तो ओरडला, "काका, आधी ती काढा! मरायचंय का?" नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं म्हणे. झाडीत यातला एखादा रंग हलला, की उतावळा माणूस बार उडवतो. टोपी मोटारीत ठेवली. माझा उत्साहही तिथंच राहिला.

टर्की रात्री झाडावर झोपतात. त्या झाडापासून १०० एक यार्डांवर, खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून आम्ही बसलो. उजाडताना नर गडगडला. पुतण्यानं पाटीच्या तुकड्यावर काडी घासून मादीचा आवाज काढला. दोनदाच. मग गप्प.

"वाजव की अजून!" मी कुजबुजलो.

"काका, यांच्यात नर हाक मारतो आणि मादी जाते. आपण उलटं करायला बघतोय. सारखं वाजवलं तर 'येतेच आहे ती' म्हणून हा तिथंच पिसारा फुलवून उभा राहील. गप्प बसलं की त्याला शंका येते, आणि मग तो शोधत येतो."

अर्ध्या तासानं पानं वाजली. आला तो एक गृहस्थ, ओणवा, हातात बंदूक! पुतण्यानं हात हलवला नाही. हलणारा हात म्हणजे पुन्हा टर्कीच. तो माणसाच्या आवाजात खणखणीत ओरडला. गृहस्थ दचकून म्हणाले, "सॉरी हं! पण काय हुबेहूब वाजवता!"

माझं भांडण आहे ते या रांगणाऱ्यांशी. बसून राहणं हे म्हणे म्हाताऱ्यांचं काम, मर्दानं आवाजाच्या मागावर जावं! अहो, टर्कीची नजर इतकी तीक्ष्ण, की तुमचं बोट हललं तरी ती पसार होते. मग रांगून तुम्ही गाठता कुणाला? तुमच्यासारखीच पाटी घासत बसलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याला! पेनसिल्व्हेनियात वसंतातल्या शिकारीत असं मागावर जायला कायद्यानंच बंदी आहे; आवाज द्यायचा आणि पक्ष्याला येऊ द्यायचं. तरी माणसं रांगतात, माणसांनाच छर्रे लागतात, आणि त्याला 'अपघात' म्हणतात. आवाज आला म्हणजे पक्षीच, असं धरून चालणं हा कसला अपघात? ती खोड झाली. डोळ्यांनी अख्खा पक्षी दिसेपर्यंत ज्याला धीर धरवत नाही, त्यानं घरी बसून चपलेनं झुरळं मारावीत. मी मारतोच की!

टर्की मिळाली नाही. लाल टोपीची हकीकत सौ.ला अजून सांगितलेली नाही. याही बाबतीत मी गप्प बसलो आहे.