फोडणीला भाषा असते

झी मराठीवरील ‘आम्ही सारे खवय्ये’ प्रशांत दामले यांनी रंगवला. ते अभिनेते, बल्लवाचार्य नव्हेत. हौशी सूत्रसंचालकाला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो वाहिन्यांच्या स्वयंपाकघरांत रुळलेल्या ‘ऑनियन चॉप करून ॲड करा’ या भाषेला. हॉटेल-व्यवस्थापन शिकलेल्याची सबब एक वेळ समजू शकते. हौशी माणूस तर आईच्या हाताखाली, मराठीतच शिकलेला असतो. ‘ॲड’ म्हटले की घालणे, ओतणे, भुरभुरणे, पेरणे हे भेदच बुडतात. फोडणीचा ‘तडका’ होतो, आणि तो तर इंग्रजीही नव्हे! सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगावात मराठी फलकासाठी आम्ही भांडतो. चुलीपाशी ती आपणच सोडली, तर प्रतिवादी कोणाला करावे?