दुष्काळाचा हिशेब मार्गशीर्षांतच मांडावा

थंडीचे दिवस लागले कीं दुष्काळाची गोष्ट कोणास रुचत नाहीं. ओढ्याच्या डोहांत अद्याप पाणी दिसतें, हुरड्याचे बेत चालू होतात, आणि "पाण्याचें काय तें चैत्रांत पाहूं" असें म्हणून जो तो आपल्या कामास लागतो. आमच्या मतें आपल्या कोरडवाहू मुलुखाची मोठी चूक हीच होय. दुष्काळ चैत्रांत दिसूं लागतो खरा. परंतु तो ठरलेला असतो कार्तिक-मार्गशीर्षांतच.

हें कसें, तें विद्यार्थिमित्रांनीं नकाशा पुढें ठेवून पाहावें. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात. सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यांतील माण तालुक्यास सुमारें पांचशें मिलिमीटरांवर भागवावें लागतें. माण-खटावपासून अहिल्यानगर, बीड, धाराशिवपर्यंत हा पर्जन्यछायेचा पट्टा पसरला आहे. खालीं काळा कातळ. त्याच्या भेगांत मुरेल तेवढेंच पाणी विहिरींस मिळावयाचें. हस्ताचा पाऊस सरला कीं मृगापर्यंत सुमारें आठ महिने ह्या सांठ्यांत म्हणण्यासारखी भर पडत नाहीं. पावसाळ्यापूर्वीचें भाकीत चुकूं शकतें. हिवाळ्याच्या आरंभींचें हें भाकीत सहसा चुकत नाहीं.

सरकारासही हें ठाऊक आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबरमध्यें विहिरींची पातळी मोजते. सन २०१८ मध्यें १५१ व सन २०२३ मध्यें ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो दोन्ही वेळां ३१ ऑक्टोबर रोजींच. सन २०१५ च्या पावसाळ्यांत मांजरा धरण भरलें नाहीं. लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें तें सन २०१६ च्या एप्रिलांत. मधले महिने हेच हिशेबाचे महिने होते.

हा हिशेब अवघड नाहीं. जलजीवन मोहिमेचें माप दरडोई दररोज ५५ लिटर आहे. हजार वस्तीच्या गांवास आठ महिन्यांत, म्हणजे २४० दिवसांत, १ कोटि ३२ लाख लिटर पाणी लागेल. आतां दुसरी बाजू पाहा. पाटानें पाणी दिलेला एक हेक्टर ऊस वर्षास सुमारें दोन कोटि लिटर पाणी पितो, व त्यांतील बराच भाग ह्याच आठ महिन्यांत. एक मळा एका बाजूस आणि सारें गांव दुसऱ्या बाजूस!

ऊस लावणारा शेतकरी दुष्ट असतो असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. उसास ठरलेला भाव मिळतो, ज्वारीस तसा भरंवसा नसतो. आणि पोरांच्या शिक्षणाचा खर्च त्यासही चुकत नाहीं. म्हणूनच हा निर्णय एकट्यावर न सोडतां गांवानें मिळून घ्यावा. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें तें करून दाखविलें आहे. पडलेला पाऊस व विहिरींची पातळी पाहून तेथील ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. आधीं माणसें व जनावरें, मग पिकें. आणि उरेल त्यावरून रब्बीस काय पेरावें तें ठरतें. शेतीसाठीं कूपनलिका खोदण्यास तेथें बंदी आहे. तेथें पाऊस कांहीं निराळा पडत नाहीं. हिशेब निराळा होतो.

ज्यांच्या घरीं आजी-आजोबा आहेत त्यांनीं १९७२ सालची हकीकत एकदां अवश्य विचारावी. खडी फोडून, मिलो आणि सुकडी खाऊन काढलेले ते दिवस पुस्तकांत वाचून कळावयाचे नाहींत. त्या आपत्तींतून रोजगार हमीची योजना उभी राहिली, हें खरें. परंतु शहाणपण शिकण्यास प्रत्येक पिढीनें तेवढीच किंमत मोजावी काय?

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच: ह्या सुटींत आपल्या विहिरींत दोर सोडून पाणी किती खोल आहे तें मोजा, दर पंधरवड्यास वहींत लिहा, आणि तो आंकडा घरीं मोठ्यानें वाचून दाखवा. पालकांस विनंती कीं, पोराचा तो आंकडा हंसण्यावारी नेऊं नये. ग्रामसभेंत घेऊन जावा. विहिरींत पाणी आहे तोंवरच त्याच्या वांटणीविषयीं शांतपणें बोलतां येतें. तें आटल्यावर केवळ भांडणें उरतात.