मामांची उधारी कुठल्या फोल्डरात?

आसनगावला उतरायचं, शहापूरमार्गे डोळखांब गाठायचं आणि मामांच्या दुकानात बसून चहा प्यायचा, हा माझा कित्येक वर्षांचा शनिवार. मामांचं खतं-बियाण्यांचं दुकान. जूनमध्ये युरिया उधार न्यायचा, दिवाळीनंतर भात विकलं की पैसे द्यायचे, असा बहुतेकांचा व्यवहार. त्या उधारीसाठी मी त्यांना एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. व्हीबी ६ मध्ये. हसू नका.

२०१० च्या नोव्हेंबरात मामांचा फोन आला. "अरे, तुझं मशीन खोटं बोलतंय!" झालं होतं असं की, पाड्यावरच्या एका शेतकऱ्याने पैसे मामेभावाकडे दिले होते. मामेभावाने ते जमाही केले. आठवड्याने मामांनी स्क्रीनवर बाकी बघितली आणि भर दुकानात, चार माणसांसमोर त्याला पुन्हा पैसे मागितले. तो काही न बोलता उठून गेला.

मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याने एका वहीच्या दोन वह्या केल्या होत्या. जुन्या एक्सपीवर सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणून मी डेटाची फाइल बिनधास्त प्रोग्रॅमच्या शेजारीच, 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवली होती. नव्या संगणकावर विंडोज ७ आलं आणि दोघांची लॉगिन वेगळी झाली. २००७ च्या व्हिस्टापासून असे जुने प्रोग्रॅम तिथे लिहायला गेले की विंडोज त्यांना अडवत नाही. ज्याचं लॉगिन त्याच्या घरात, 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात गुपचूप फाइलची प्रत काढून देतं. प्रोग्रॅमला वाटतं, आपण मूळ फाइलमध्येच लिहिलं. बरं, मामेभाऊ शिस्तीचा. दर रविवारी तो पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचा. कशाचा? तर 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या त्या मूळ फाइलचा, जिला नवा संगणक आल्यापासून कोणी हातच लावला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, चूक विंडोजची. मला तसं वाटत नाही. सगळ्यांच्या सामायिक डेटासाठी विंडोजने जागा आधीपासूनच दिली होती: एक्सपीत 'ऑल यूझर्स'च्या खाली, व्हिस्टापासून 'प्रोग्रॅमडेटा'. मी ती वाचायचा आळस केला. अर्थात तिथेही गोम आहे. एका लॉगिनने केलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, पण बदलता येत नाही. त्यामुळे इन्स्टॉल करतानाच आपल्या फोल्डरची परवानगी सगळ्यांना द्यावी लागते. गावची लग्नाची भांडी देवळात ठेवली, पण किल्ली एकाच घरात, तशातली गत.

पुढे मामेभावाने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि मला सगळं परत शिकावं लागलं. नाव बघून मी 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मध्ये फाइल टाकायला निघालो होतो. ती जागा न बदलणाऱ्या गोष्टींची: फॉन्ट, चित्रं, शब्दकोश. रोज बदलणारी उधारी 'वार'मधल्या 'लिब'मध्ये. मॅकवर सगळ्यांसाठीचं 'लायब्ररी'तलं 'ॲप्लिकेशन सपोर्ट' वेगळं आणि प्रत्येकाच्या घरातलं वेगळं. तिन्हीकडे चालेल असा एकच पत्ता शोधण्यात मी एक अख्खा महिना घालवला. तो नसतो. फाइल कोणाची आणि ती बदलते का, एवढं ठरवून प्रत्येक सिस्टिमला तिची जागा विचारावी, हे बरं.

माझा खरा राग आहे तो त्या गुपचूपपणावर. लिहायला जागा नसेल तर प्रोग्रॅमने भांडावं, बंद पडावं, पण सोयीस्करपणे दुसरीकडे लिहू नये. 'प्रोग्रॅमडेटा' तर लपवलेलं फोल्डर, साध्या माणसाला दिसतही नाही. म्हणून आता माझ्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच पानावर फाइलचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात येतो. मित्र म्हणतात, दिसायला घाण दिसतं. दिसू दे.

दोन्ही वह्या जुळवायला मला दोन रविवार लागले. मामा त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन माफी मागून आले. पुढच्या जूनमध्ये तो दुकानात आला. युरिया रोखीने घेतला, आणि पावती मागून घेतली.